पाच दिवसांच्या क्लाइंबिंग आणि रेस्क्यू कोर्सनंतर दोघांनीच चढायला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इनडोअर वॉलवर तुम्ही काही महिने चढताय. टॉप रोपवर (वरून आलेल्या दोरावर) बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळून धरणं) देता येतो, थोडंफार लीड (दोर खालून सोबत नेत पुढे चढणं) केलंय. आता मार्गदर्शकासोबतचा पाच दिवसांचा कोर्स समोर आहे. त्यात खऱ्या कातळावरचं क्लाइंबिंग, अँकर (दोर आणि माणसं जिथे बांधली जातात तो पक्का आधार), रॅपलिंग (दोरावरून उतरणं) आणि शेवटच्या दिवशी सेल्फ रेस्क्यू (बाहेरच्या मदतीशिवाय आपणच जोडीदाराची सुटका करणं) आहे. तो केला की मित्राला घेऊन दोघांनीच जाता येईल का, आणि रेस्क्यू आत्ताच शिकायचं की अनुभव वाढल्यावर, हे तुम्हाला ठरवायचंय.

कोर्स करा. मात्र माहितीपत्रकातली विषयांची यादी पाहून तो निवडू नका. यादी सगळ्यांची सारखीच असते. प्रत्येक गोष्ट तिथे तुम्ही स्वतःच्या हातांनी, कुणीतरी बारकाईने बघत असताना, किती वेळा करणार आहात ते विचारा. प्रशिक्षकाने एकदा करून दाखवलेली आणि तुम्ही एकदा जमवलेली कृती पंधरा दिवसांनी हातात उरत नाही. साध्या गाठीचंही तेच होतं, मग बिलेमधून स्वतःला मोकळं करण्यासारख्या (लोंबकळणाऱ्याचं वजन अँकरला देऊन आपण सुटण्यासारख्या) सात-आठ पायऱ्यांच्या कामाचं काय होईल ते उघड आहे.

बाकी उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. कातळात आधीच बोल्ट लावलेल्या, एका दोराच्या आत संपणाऱ्या रूटवर चढणार असाल तर लागणारं ज्ञान मर्यादित आहे. अनेक टप्प्यांच्या, स्वतः प्रोटेक्शन (पडल्यास दोर धरणारी साधनं) लावत जायच्या रूटसाठी पाच दिवस ही फक्त ओळख. एका प्रशिक्षकामागे किती जण आहेत, तुमच्या मूळ सवयी किती पक्क्या आहेत आणि नंतर सराव कुणाबरोबर होणार, या तीन गोष्टींनी कोर्सचं फळ ठरतं.

रेस्क्यू आत्ता की नंतर? माझ्या मते त्याची सुरुवात दुसऱ्या दिवसापासूनच व्हायला हवी. शेवटच्या दिवशी थकलेल्या माणसाला सगळं एकदम दाखवणं ही वाईट रचना आहे. रेस्क्यूची नावं पुष्कळ आहेत, पण मुळात कामं तीनच. ब्रेकचा हात न सोडता दोर बांधून दोन्ही हात मोकळे करायचे. लोंबकळणारं वजन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचं. आणि हे सगळं वजनाखालीही सोडवता येतील अशा गाठींनी करायचं. खाली सोडणं, वर ओढणं, जखमी माणसासोबत उतरणं हे सगळं या तिन्हींच्या जोडणीतूनच होतं. म्हणून मंटर हिच (कडीवर दोर घर्षणाने रोखणारी गाठ), म्यूल नॉट (दोर अडकवून ठेवणारी, पण वजनाखालीही सुटणारी गाठ) आणि प्रुसिक (दोराभोवती बारीक दोरीचे वेढे, वजन आलं की पकडणारे) पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हातात आले की पुढचे दिवस त्यांची आपोआप उजळणी होते.

कोर्सला जाण्याआधी एवढं पक्कं असू द्या: फिगर ऑफ एट (आठच्या आकाराची गाठ) हार्नेसच्या (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) दोन्ही टाय-इन पॉइंटमधून ओवून, नीट ओळीत बसवून, किमान मूठभर शेपूट ठेवून बांधणं, क्लोव्ह हिच (दोन फासांची गाठ) एका हाताने कॅराबिनरमध्ये (गेट असलेल्या धातूच्या कडीत) घालणं, आणि बिले देताना ब्रेकच्या हाताची मूठ एका क्षणासाठीही न सुटणं. ही शेवटची सवय कच्ची असेल तर कोर्सचे पहिले दोन दिवस तिच्यातच जातात.

अँकरबद्दल प्रशिक्षक सांगतीलच, पण कारण आधी समजलेलं बरं. दोन पॉइंटमधून आलेल्या स्लिंगमधला (शिवलेल्या पट्टीच्या फासातला) कोन वाढला की प्रत्येक पॉइंटवरचा भार वाढतो. ६० अंशांना प्रत्येकावर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के येतात, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना दोन्ही पॉइंटवर पूर्ण १००-१०० टक्के. म्हणजे दोन पॉइंट असूनही भार वाटलाच गेला नाही. म्हणून कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा. स्लिंग आखूड पडली की लोक कोन वाढवून भागवतात, हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. लांब स्लिंग किंवा ७ मिलिमीटरची सहा मीटर कॉर्ड (बारीक दोरी) जवळ असेल तर ती वेळ येत नाही.

कॅराबिनरवर कोरलेले आकडेही वाचायला शिका. युरोपीय मानकानुसार साध्या क्लाइंबिंग कॅराबिनरला लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन टन भार सहन करावा लागतो. गेट उघडं असेल किंवा भार आडवा आला तर तीच अपेक्षा ७ किलोन्यूटनवर येते. गेट लॉक केलं का, हे डोळ्यांनी बघून भागत नाही, बोटांनी दाबून पाहायचं ते यासाठी. डायनीमा या कृत्रिम धाग्याची स्लिंग हलकी आणि मजबूत असते, पण ती जवळजवळ ताणली जात नाही आणि साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळते. नायलॉन २०० अंशांच्या वर टिकतं. त्यामुळे डायनीमावर दोर घासू देऊ नका. अँकरला डायनीमाच्या स्लिंगने जोडलेले असताना स्लिंग सैल ठेवून अँकरच्या वरही जाऊ नका. दोर ताणला जाऊन झटका पचवतो. ती स्लिंग पचवत नाही, आणि लहानशा पडण्यानेही अँकरवर आणि तुमच्या शरीरावर जबर झटका येतो.

रॅपलिंगला तुमच्या कोर्सच्या पत्रकात अर्धा दिवस दिलाय. मला तो कमी वाटतो. उतरताना आपण पूर्णपणे साधनांवर असतो आणि बहुतेक वेळा दमलेले असतो. शिकायची पद्धत अशी: डिसेंडर (उतरताना दोर ज्यातून सरकतो ते उपकरण) स्लिंगने हार्नेसपासून हातभर लांब घ्या, त्याखाली ६ मिलिमीटर कॉर्डचा ऑटोब्लॉक (हात सुटला तर दोर पकडणारी गाठ) चार-पाच वेढे देऊन बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या फासाला) जोडा, आणि दोराच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र गाठी मारा. ऑटोब्लॉक डिसेंडरला टेकता कामा नये. टेकला तर तो उघडला जातो आणि पकडत नाही. डिसेंडर लांबवण्याचं कारण हेच. दोन दोर जोडायचे असतील तर साधी ओव्हरहँड गाठ, प्रत्येक पदर वेगळा ओढून घट्ट केलेली, शेपटं किमान ३० सेंटीमीटर. त्याजागी त्याच पद्धतीची फिगर ऑफ एट वापरू नका. ती भाराखाली कमी ताणातच उलटत टोकाकडे सरकते. सेल्फ अँकर (स्वतःला अँकरला जोडणारी स्लिंग) सोडण्याआधी पूर्ण वजन डिसेंडरवर टाकून पाहा. दोर ओढून घेण्याआधी टोकांच्या गाठी सोडायला विसरू नका, नाहीतर दोर वर अडकतो.

आता बिलेमधून मोकळं होण्याकडे वळू. हे येणं म्हणजे सेल्फ रेस्क्यूचा पाया असणं. क्लाइंबर टॉप रोपवर आहे, जखमी होऊन लोंबकळतोय, आणि तुम्ही खालून हार्नेसवर बिले देताय असं धरा. सगळ्यात आधी बघा: त्याला सरळ खाली सोडता येईल का? बहुतेक वेळा येतं, आणि मग बाकी काहीच करायचं नसतं. ६० मीटरच्या दोरावर टॉप रोपचा अँकर ३० मीटरच्या आत असेल तर तो जमिनीवर पोचेल. दोराचं टोक बिले उपकरणातून निसटू नये म्हणून त्याला आधीच गाठ हवी.

खाली सोडता येत नसेल तर क्रम असा. ब्रेकचा हात पक्का ठेवून ब्रेकच्या बाजूच्या दोराचा पदर दुमडून उपकरणाच्या कॅराबिनरमधून काढा, वजन आलेल्या दोराभोवती म्यूल नॉट मारा आणि तिच्यावर ओव्हरहँडचा आधार द्या. हात मोकळे झाले. आता वजन आलेल्या दोरावर, उपकरणाच्या वर, ६ मिलिमीटर कॉर्डचा प्रुसिक तीन वेढ्यांनी लावा. प्रुसिकपासून मागच्या अँकरपर्यंत कॉर्ड न्या आणि ती अँकरच्या मोठ्या लॉकिंग कॅराबिनरवर मंटर, म्यूल आणि ओव्हरहँडने बांधा. मग उपकरणावरची गाठ सोडा आणि ब्रेक हातात ठेवून दोर हळूहळू सरकू द्या, प्रुसिक वजन घेईपर्यंत. शेवटी ब्रेकच्या बाजूचा दोरही त्याच अँकरला मंटर-म्यूलने बांधा आणि त्यानंतरच उपकरण काढा. नुसत्या प्रुसिकवर माणूस ठेवून निघून जायचं नाही.

यात चुका कुठे होतात? पहिली, प्रुसिक हाताच्या टप्प्याच्या टोकाला लावला जातो. वजन सरकताना तो आणखी वर जातो आणि मग हाताला लागत नाही. दुसरी, अँकरला जाणारी कॉर्ड ढिली राहते. उपकरणावरचा दोर हातभर सोडूनही वजन हलत नाही आणि माणूस घाबरून सगळं परत आवळतो. तिसरी, कॉर्ड दोराच्या मानाने जाड असते. १० मिलिमीटरच्या दोरावर ६ मिलिमीटरची मऊ कॉर्ड चांगली पकडते, ८ ची घसरते. चौथी सर्वात महत्त्वाची आहे: जमिनीवर अँकरच नसतो, किंवा असतो तो खालच्या दिशेच्या ओढीसाठी. इथे ओढ वरच्या दिशेने येते. झाडाचं खोड किंवा मोठा दगड योग्य बाजूने बांधलेला हवा आणि बिलेअर, अँकर आणि क्लाइंबर एका ओळीत हवेत. त्यामुळे चढाई सुरू होण्याआधीच बिलेची जागा विचार करून निवडायची.

तुम्ही वर असाल आणि खालून येणाऱ्या सेकंडला (मागून चढणाऱ्याला) अँकरवरच लावलेल्या गाइड प्लेटने (वजन आलं की दोर आपोआप पकडणाऱ्या उपकरणाने) बिले देत असाल तर तुम्ही आधीच मोकळे आहात. पाठीमागे एक गाठ मारली की झालं. अडचण असते वजन आलेली प्लेट सोडून त्याला खाली घ्यायची. ती सुटते तेव्हा एकदम सुटते. म्हणून आधी ब्रेकच्या बाजूचा दोर अँकरच्या वरच्या कॅराबिनरमधून फिरवायचा, त्यावर बिले लूपला जोडलेला ऑटोब्लॉक लावायचा, आणि मगच प्लेटच्या छोट्या छिद्रातून काढलेल्या स्लिंगने ती उचलायची. ऑटोब्लॉक न लावता हे करताना प्रशिक्षक दिसला तर त्याला थांबवून कारण विचारा.

वर ओढण्याबद्दल कोर्सला येणाऱ्यांच्या फार अपेक्षा असतात. तीनास एक अशी पुली पद्धत कागदावर छान दिसते: ८० किलोच्या माणसाला २७ किलोच्या जोरात उचला. पण हातात पुली नसून कॅराबिनर असतात आणि त्यांच्यावर घर्षणात जवळपास अर्धा जोर जातो. अशा वेळी प्रत्यक्षात मिळतो १ + ०.५ + ०.२५, म्हणजे पावणेदोन पट फायदा, आणि तोच ८० किलोचा माणूस ४५ किलोच्या वर जोर मागतो. ९० टक्के कार्यक्षमतेच्या पुली असतील तर हिशेब २.७ पटीवर जातो आणि ३० किलोत काम होतं. कड्याच्या काठावर दोर घासत असेल तर दोन्ही हिशेब आणखी बिघडतात. शिवाय एक मीटर उचलायला तीन मीटर ओढावं लागतं. यासाठी एकच चांगली पुली बाळगायची असेल तर ती हलणाऱ्या जागी, म्हणजे दोरावर पुढे सरकवायच्या प्रुसिकवर लावा. पहिलं वळण तिथे असतं, फायदा तिथे जास्त मिळतो. सेकंड शुद्धीत असेल आणि हात चालत असतील तर त्याने स्वतः दोन प्रुसिकवर चढून येणं यापेक्षा सोपं आहे. म्हणून दोरावर प्रुसिकने चढणं दोघांनाही आलं पाहिजे: एक प्रुसिक हार्नेसला, एक पायाच्या फासाला, आणि काही मीटरवर दोराला गाठ मारून ती हार्नेसला जोडणं.

लीडर पडून वर लोंबकळतोय ही स्थिती याहून फार अवघड आहे. तुम्ही ज्या दोरावर चढून त्याच्यापर्यंत जाणार तो दोर तुम्हाला न दिसणाऱ्या एखाद्या प्रोटेक्शनवर धरलेला असतो. तिथे एकाच प्रोटेक्शनवर भरवसा ठेवता येत नाही. वाटेत लागणाऱ्या प्रोटेक्शनमधून चढत्या वेळीच नवा अँकर उभा करत जावं लागतं. पाच दिवसांत हे बघून घ्या, पण आलं असं समजू नका.

हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणारा माणूस काही मिनिटांतही बेशुद्ध होऊ शकतो. शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवायला सांगा, पायासाठी फास द्या. बेशुद्ध असेल तर श्वासमार्ग मोकळा ठेवून लवकरात लवकर खाली घ्या आणि आडवं झोपवा. सुटका झालेल्याला अर्धवट बसवून ठेवावं, असा जुना सल्ला काही ठिकाणी अजून शिकवला जातो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००९ मध्ये केलेल्या पुरावा-आढाव्यात त्याला आधार मिळाला नाही आणि नेहमीच्याच प्रथमोपचाराची शिफारस झाली. त्यासाठी प्रथमोपचाराचा वेगळा कोर्स करा. क्लाइंबिंग कोर्समधला एक तास पुरत नाही. मदतीसाठीची डोंगरातली खूणही पाठ असू द्या: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.

कोर्सवाल्यांना फोनवर काय विचारायचं? रेस्क्यूच्या दिवशी एका प्रशिक्षकामागे किती जण असतील. चारपर्यंत ठीक, अनेक टप्प्यांच्या रूटवर दोनच. प्रशिक्षकाची पात्रता कशासाठीची आहे तेही विचारा. १९६५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पर्वत मार्गदर्शक महासंघाचा बिल्ला असलेला मार्गदर्शक कातळ, बर्फ आणि स्की या तिन्हींत तयार झालेला असतो, पण फक्त कातळ शिकवणारा, त्या भूभागासाठी रीतसर प्रमाणित प्रशिक्षकही तुमच्या कामाला पुरेसा आहे. सरावात खरा माणूस टांगतात का, आणि टांगतात तर त्याला वेगळ्या दोरावर दुसरा बिले असतो का? उत्तर ‘होय’ आणि ‘होय’ असंच हवं. नवशिक्याची गाठ चुकणारच आहे, ती चुकल्यावर माणूस पडता कामा नये. एका दिवसात दहा-बारा तंत्रं शिकवू असं कुणी अभिमानाने सांगितलं तर दुसरा कोर्स शोधा. चार तंत्रं, प्रत्येक पाच-सहा वेळा, असं सांगणारा बरा.

हार्नेसवर एवढं कायम राहू द्या: दीड-दीड मीटर कॉर्डचे दोन प्रुसिक, डबल फिशरमन गाठीने बांधलेले आणि टोकं सहा-सात सेंटीमीटर सोडलेले, वर सांगितलेली ७ मिलिमीटरची कॉर्ड, १२० सेंटीमीटरची एक स्लिंग, तीन-चार मोठे लॉकिंग कॅराबिनर, एक छोटा चाकू. तणावाखालच्या दोराजवळ चाकू उघडायचा नाही. ताणलेल्या दोराला पात्याचा नुसता स्पर्शही पुरतो.

कोर्सनंतरचे सहा आठवडे कोर्सइतकेच महत्त्वाचे. जमिनीपासून हातभर उंचीवर, झाडाला किंवा भक्कम खांबाला अँकर बांधून, आठवड्यातून दोनदा बिलेमधून मोकळं होण्याचा सराव करा. टांगायला मित्र किंवा भरलेली सॅक. आधी सावकाश, मग हातमोजे घालून, मग अंधारात डोक्यावरच्या टॉर्चने. वहीत बघावं न लागता, मध्ये न अडखळता सलग पाच वेळा जमलं की ते तुमचं झालं असं मी धरतो. मित्राचंही तेवढंच होणं गरजेचं आहे. तुम्हीच जखमी झालात तर रेस्क्यू त्याला करायचंय, आणि दोघांपैकी एकालाच कोर्सला पाठवणाऱ्या जोड्या नेमका हाच विचार करत नाहीत.

तर दोघांनीच जाण्याबद्दल: हा सराव दोघांचा झाल्यावर, आधी एखाद्या अनुभवी क्लाइंबरसोबत चार-सहा वेळा जा आणि अँकर तुम्ही बांधून त्याला तपासायला लावा. त्याला काही दुरुस्त करावं लागेनासं झालं की बोल्ट लावलेली, दोराच्या निम्म्यापेक्षा कमी उंचीची, तुम्हाला सहज जमणाऱ्या ग्रेडपेक्षा दोन पायऱ्या सोपी रूट निवडा. वरचा अँकर चालत जाऊन गाठता येत असेल तर उत्तम. अनेक टप्प्यांच्या रूटवर दोघांनीच जायचं असेल तर त्याआधी दुसरा कोर्स करा. तो एका प्रशिक्षकामागे दोनच विद्यार्थी असलेला असू द्या, आणि रेस्क्यूचा सराव त्यात जमिनीवर न होता लोंबकळत्या बिलेवरून (जिथे बिले देणाराही अँकरला लोंबकळत असतो) होऊ द्या.